ड्रिलच्या बॅटरीवर राउटर, मोबाईल आणि इतर उपद्व्याप

खटपट्या

गुहागर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. लॉकडाऊनमध्ये महिनाभरासाठी म्हणून आलो तो इथलाच झालो. मी पुण्यात बसलोय की पडवीत, याने ऑफिसला काही फरक पडत नाही, नेट चालू असलं म्हणजे झालं. अडचण तिथेच आहे. मृग लागला की गणपतीपर्यंत लाईटचा भरवसा नसतो. गेली तर कोणी विचारतही नाही. आली की शेजारच्या काकू गडग्यावरून ओरडून सांगतात.

इन्व्हर्टर आहे, पण म्हातारा झालाय. दोन पंखे आणि आईचा टीव्ही एवढ्यात त्याला धाप लागते. मला फक्त फायबरचा डबा आणि राउटर जागे ठेवायचे होते.

वासे आणि रिपा बदलताना एक कॉर्डलेस ड्रिल घेतलं होतं. १८ व्होल्टचं, सोबत ४ एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या. काम झाल्यापासून सगळं फडताळात. एकदा सहज हिशोब केला: १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-अवर. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवरबँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४. थोडक्यात, दोन मोठ्या पॉवरबँका माझ्या फडताळात धूळ खात होत्या.

ऑनलाईन एक प्लास्टिकचा साचा मिळतो. ड्रिलच्या मुठीखाली जशी खाच असते तशीच त्याला असते. बॅटरी आत सरकवायची, मागून लाल-काळी वायर बाहेर येते. अडीचशे रुपये. त्याला एलएम२५९६चं बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल लावलं, बारीक स्क्रू फिरवून आउटपुट १२ व्होल्टवर आणला, राउटरची पिन सोल्डर केली. दोन्ही डबे मिळून पाऊण अँपिअर घेतात, म्हणजे ९ वॉट. रात्री लाईट गेलेली असताना नेट चालू बघून स्वतःवर इतका खूश झालो की तसाच झोपलो.

सकाळी राउटर बंद. बॅटरीला मल्टीमीटर लावला तर ७.३ व्होल्ट. चार्जरमध्ये घातली तर दिवा नुसता लुकलुकतो, चार्ज काही घेत नाही. ज्या बॅटरीने सागाच्या तुळईत भोकं पाडली ती राउटरपायी एका रात्रीत गेली. पाच-साडेपाच हजारांचा फटका.

ड्रिलवर वापरताना ती कितीदा तरी संपली होती, पण दर वेळी मुकाट्याने चार्ज व्हायची. मग इथेच काय बिनसलं? दुसरी अजून शाबूत आहे, ती अशी मारायची नाहीये. हा उद्योग कोणी नीट केला असेल तर सांगा.

कोपऱ्यातला बाक

बॅटरीला भावपूर्ण श्रद्धांजली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पक्कडवाला

खटपट्या, ड्रिलवर काही होत नाही कारण कुठे थांबायचं ते ड्रिल ठरवतं, बॅटरी नाही.

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ म्हणून १८. पूर्ण भरले की प्रत्येकी ४.२, म्हणजे पॅकचे २१. (काही पॅकवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापलेलं असतं. आत तेच पाच सेल. नुकता भरलेला असताना मोजला एवढंच.) रिकामा होताना सेल २.५च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, म्हणजे पॅक साडेबाराच्या खाली. शहाण्याने पंधरालाच थांबावं.

आता बॅटरीचं तोंड नीट बघा. प्लस-मायनसच्या जाड पट्ट्यांशिवाय एक-दोन बारीक पट्ट्या किंवा पिना दिसतील. तापमान आणि सेलची खबर त्यांच्यातून ड्रिलला आणि चार्जरला जाते. ती ऐकून ड्रिलमधलं सर्किट मोटर तोडतं. बऱ्याच कंपन्यांच्या पॅकमध्ये स्वतःहून पुरवठा तोडायची सोयच नसते, ते काम यंत्रावर सोडलेलं असतं. तुमच्या साच्याने फक्त दोन जाड पट्ट्या धरल्या. राखण्याला घरी ठेवून गुरं रानात सोडलीत. पॉवरबँकेत हा राखण्या आतच बसलेला असतो, म्हणून तिच्याशी कसंही वागलं तरी ती सहसा अशी मरत नाही.

भरीला एलएम२५९६. त्याला काही काम नसलं तरी तो स्वतःसाठी ५ ते १० मिलिअँपिअर घेत राहतो. पहाटे कधीतरी राउटरने मान टाकली असेल, पण मॉड्यूल सकाळपर्यंत बॅटरी चाटत बसलं. भरलेली ४ एएचची बॅटरी त्याला नुसती लावून गावाला गेलात तर महिन्याभरात कोरडी ठाक. जिथे फक्त वायरी बाहेर येतात तिथे काम झालं की बॅटरी साच्यातून बाहेर काढायची सवय लावा. काहीच केलं नाहीत तरी एवढं कराच.

नीट करायचं तर बॅटरी आणि बकच्या मध्ये लो व्होल्टेज कट-ऑफ हवा. एक्सएच-एम६०९ नावाचं रिलेवालं (रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच) मॉड्यूल मिळतं, वर आकडे दिसतात. पुण्यात आलात तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर ऑनलाईन. १५.५ला तोड, १८ला जोड, असं ठेवा. मध्ये अंतर हवंच. लोड सुटला की बॅटरीचा व्होल्टेज जरा वर उसळी मारतो. दोन्ही आकडे जवळजवळ ठेवले तर रिले रात्रभर टकटकत बसेल.

आणि फ्यूज. तुमच्या वर्णनात तो कुठेच दिसला नाही, हे वाचून मला बॅटरीपेक्षा तुमच्या पडवीची काळजी वाटली. हा पॅक शॉर्टमध्ये सहज तीस-चाळीस अँपिअर ओततो. पातळ वायरीचं इन्सुलेशन पेट घ्यायला तेवढं पुष्कळ झालं. गाडीत असतो तो ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घ्या आणि लाल वायरीवर बॅटरीपासून चार बोटांच्या आत बसवा. राउटरपाशी बसवून उपयोग नाही, कारण शॉर्ट व्हायचा तो मधल्या वायरीत.

खटपट्या

काका, गुरांची उपमा अगदी लागली. फ्यूज नव्हता, कबूल. आजच मागवतो.

जुगाडपंथी

एवढं घाबरायचं काम नाही. मेलेली बॅटरी जिवंत होते. दुसरी भरलेली बॅटरी घ्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोन मिनिटं वायरीने जोडा. व्होल्टेज वर आला की चार्जर मुकाट घेतो. मी तीन बॅटऱ्या अशा उठवल्यात.

रसायनशाळा

सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून राहवत नाही. वरचा सल्ला कृपया कोणी पाळू नये.

सेल फार खाली उतरला की त्याच्या ऋण बाजूला तांब्याचा जो पातळ पत्रा असतो तो विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं परत बसतं खरं, पण भलत्या जागी. हळूहळू मधल्या पडद्यातून पलीकडे पोचलं की सेल आतल्या आत शॉर्ट. हे त्याच दिवशी होईल असं नाही. दहाव्या चार्जलाही होईल, रात्री, तुम्ही झोपलेले असताना.

खटपट्या यांच्या पॅकचे ७.३ म्हणजे सरासरीने सेलमागे दीड व्होल्टही नाही. पाचही सेल सारखे उतरत नसतात. एखादा दोनला असेल, तर एखादा शून्यालाही टेकला असेल. दुसरी बॅटरी थेट जोडल्यावर २० व्होल्टचा पॅक ७ व्होल्टच्या पॅकमध्ये किती अँपिअर ढकलेल? मध्ये रोध फक्त वायरीचा. चार्जर हळूहळू भरतो, किती वेळ भरतोय ते बघतो आणि तापमान विचारतो. ही पद्धत तिन्ही गोष्टी टाळते. चार्जरने ‘नको’ म्हटलं आहे, त्यामागे कारण आहे.

अवांतर: याच सेलच्या कामासाठी २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. निवृत्त माणसाला हे वाचून जरा उभारी येते.

जुगाडपंथी

सर, माझ्या तिन्ही चालू आहेत पण.

रसायनशाळा

किती व्होल्टला उठवल्यात? १३-१४ला असताना उठवल्या असतील तर त्या मेल्याच नव्हत्या, झोपल्या होत्या. आणि आता चार्जिंगला लावून बाहेर जाता का, ते खरं सांगा.

जुगाडपंथी

नाही जात. बायको जाऊ देत नाही.

सुतारपक्षी

इंटीरिअरची कामं करतो, कल्याण-डोंबिवली पट्टा. नव्या बिल्डिंगमध्ये काम घेतलं की पहिले दोन-तीन आठवडे मीटर लागलेला नसतो, त्यामुळे हे प्रकार साईटवर रोजचे आहेत. माझ्या पोरांकडे टूल कंपनीचाच यूएसबी अडॅप्टर आहे. बॅटरीवर टोपीसारखा बसतो, दोन यूएसबी, कट-ऑफ आतच. सहा पोरांचे मोबाईल आणि एक ब्लूटूथ स्पीकर त्याच्यावर. फक्त एक गोम आहे. जुन्या मॉडेलांत दोन्ही पोर्ट मिळून दोन अँपिअरच्या आसपास निघतात. दोन फोन लावले की दोन्ही कासवासारखे भरतात.

राउटरला मी स्वतः सोल्डरिंग केलं नाही. यूएसबीला लावायची ५चे १२ व्होल्ट करणारी केबल येते, ती त्या अडॅप्टरला जोडली. पण खटपट्या, तुमचे दोन डबे ९ वॉट खातात. अडॅप्टरचे साडेदहा वॉट, केबलमध्ये थोडं जाणार, म्हणजे अगदी काठावर. राउटर चालू होताना एकदम जास्त ओढतो तेव्हा बंद-चालू-बंद करत बसेल. एकाच डब्याला चालतं.

आता माझ्या लाईनची गोष्ट. डुप्लिकेट बॅटरी. ‘कंपॅटिबल’ म्हणून निम्म्या किमतीत मिळते, वर ६ एएच छापलेलं. मी दुकानात वजनकाटा मागतो. चांगला १८६५० सेल (पॅकमधला नळीसारखा सेल, हे त्याच्या मापाचं नाव) ४५ ते ४८ ग्रॅमचा. ४-५ एएचच्या पॅकमध्ये असे दहा, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशेच्या वर, खोका धरून सहाशे-सव्वासहाशे. हातात पावणेचारशे ग्रॅमचा ‘६ एएच’ आला तर आत काय आहे ते विश्वकर्म्यालाच ठाऊक. एकदा एक फोडून बघितला. दहा सेलच्या जागेत पाचच, बाकी प्लास्टिकची नुसती नळकांडी. ड्रिलला निदान लगेच कळतं, दम नसतो. राउटरला कळत नाही, तो शेवटपर्यंत ओढत राहतो.

कोपऱ्यातला बाक

नळकांडी! म्हणजे सुतारपक्ष्याने पोकळ झाड शोधलं.

हिशेबनीस

धागा छान, पण मला एक कळत नाही. राउटरचा मिनी यूपीएस बाराशे-पंधराशेत मिळतो. भिंतीवर चिकटवा, विसरून जा. लाईट गेली तरी राउटर रीस्टार्टसुद्धा होत नाही. हे सगळं कशासाठी?

पक्कडवाला

बरोबर आहे. लाईट तास-दोन तास जाते तिथे मिनी यूपीएसच घ्यावा, मीही तेच सांगेन. पण त्यात साधारण तीन सेल असतात, पंचवीस-तीस वॉट-अवरचा जीव. खटपट्यांच्या ९ वॉटला अडीच-तीन तास. कोकणात तारेवर झाड पडलं की तीन तासांत माणूस झाडापर्यंत तरी पोचतो का?

आणि दुसरी बाजूही सांगतो. ज्याच्याकडे ड्रिल नाही त्याने यासाठी टूलची बॅटरी विकत घेऊ नये. त्याच पैशांत दोन चांगल्या पॉवरबँका येतात. हा उद्योग फडताळात पडलेल्या बॅटरीसाठी आहे.

खटपट्या

दोन्ही एकत्र लावायचा विचार आहे. मिनी यूपीएस कायम, तो थकला की ड्रिलची बॅटरी.

हर्णैकर

खटपट्या, एक गोष्ट कोणी बोललं नाही. बॅटरी संपल्यावर भरायची कशावर? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. माझ्याकडे तेव्हा टूलच्या तीन बॅटऱ्या होत्या. पहिल्या चार दिवसांत मोबाईलवर तिन्ही संपल्या, मग त्या नुसत्या शोभेच्या.

शेवटी मेहुण्याने गाडीच्या सिगारेट लायटरला लावायचा १५० वॉटचा इन्व्हर्टर आणला. त्यावर बॅटरीचा चार्जर. इंजिन चालू ठेवून एक बॅटरी भरायला सवा तास, आणि तेवढ्यात गावातले सगळे जण अंगणात. काही टूल कंपन्या थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा चार्जरही विकतात. कोकणात राहणाऱ्याने तो बघून ठेवावा.

सीमा_रा

विषय थोडा वेगळा आहे. बाबांना झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावावं लागतं. आमच्याकडेही आता वळवाच्या पावसात रात्री लाईट जाते. भावाकडे अशाच बॅटऱ्या आहेत. चालेल का?

पक्कडवाला

सीमाताई, मशीनच्या अडॅप्टरवर आउटपुट किती व्होल्ट लिहिलाय ते बघा. बरीच सीपॅप २४ व्होल्टची असतात. १८च्या बॅटरीतून २४ काढायला बक नव्हे, व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लागतो. जमतं, पण मी म्हणेन बाबांच्या मशीनवर आपले प्रयोग नकोत. त्या मशीनसाठी बनवलेले बॅटरी पॅक मिळतात. नाहीतर घराच्या इन्व्हर्टरवर तेवढा एकच प्लग ओढून घ्या. मशीनचा पाणी गरम करणारा भाग जास्त वीज खातो. बॅकअपवर असताना तो बंद ठेवायला चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या. चालत असेल तर तीच बॅटरी बरीच जास्त टिकते.

सीमा_रा

अडॅप्टरवर २४च आहे. इन्व्हर्टरवाल्याला उद्या बोलावते. मनापासून आभार.

दुर्बीण

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). माझा उपयोग वेगळा आहे. अमावास्येच्या आसपास वांगणीला किंवा आणखी आत आकाश बघायला जातो. दुर्बिणीच्या मोटरला आणि लेन्सवर दव बसू नये म्हणून गुंडाळतात त्या गरम पट्टीला १२ व्होल्ट लागतात. आधी यूपीएसमधली ७ एएचची लेड-ॲसिड न्यायचो, दोन किलोच्या वर. ती पूर्ण उतरवली की लवकर खराब होते, म्हणून अर्धीच वापरायची. आता ४ एएचची टूल बॅटरी नेतो. वजन तिच्या एक तृतीयांशही नाही, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते.

एक शिकलो ते सांगतो. एलएम२५९६वर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. दीड-दोनला तो हात लावता येणार नाही इतका तापतो. दुर्बीण वेगाने एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वळताना मोटर एकदम ओढते, व्होल्टेज बसतो आणि मोटरचा कंट्रोलर सगळं विसरतो. पुन्हा ध्रुवताऱ्यापासून सुरुवात. जानेवारीत रात्री अडीच वाजता असं झालं की तोंडून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही. मग एक्सएल४०१५ घेतला, ५ अँपिअरचा. बुटक्या हीटसिंकसह. तेव्हापासून शांतता.

मेल्बर्नकर

इथे टूलच्या बॅटऱ्या म्हणजे घरातलं वेगळंच चलन आहे. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात गर्दी असते, आणि एका रंगाची बॅटरी घेतली की माणूस त्याच रंगाचा पंखा, दिवा, रेडिओ, गवत कापायचं यंत्र घेत सुटतो. आमच्या गॅरेजमध्ये एकाच जातीच्या सात आहेत. कॅम्पिंगला गेलो की पंखा आणि दिवा त्यांच्यावरच.

टाइप-सी पीडीवाले (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे ५पेक्षा जास्त व्होल्टही देणारे) अडॅप्टर आता मिळतात, लॅपटॉपसुद्धा चालतो. पण त्यावर १२ व्होल्टची ट्रिगर केबल (अडॅप्टरकडे १२ व्होल्ट मागणारी) लावून राउटर चालवणार असाल तर आधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. पीडीमध्ये ठरलेले टप्पे ५, ९, १५, २० असे आहेत. १२ ऐच्छिक आहे, काही देतात, काही नाही. जो देत नाही त्याच्यावर ती केबल ९वर येते आणि राउटर रडतो.

भारतात आणणाऱ्यांसाठी: सुटी बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, केबिन बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. म्हणजे १८ व्होल्ट ५ एएच, ९० झाले, बिनघोर. ६ एएच, १०८, विचारा. तोंडाच्या पट्ट्यांवर टेप लावा. ड्रिल मात्र चेक-इनमध्ये, बॅटरी काढून. गेल्या वेळी मी उलटं केलं होतं आणि सिक्युरिटीच्या बाईंनी पाच मिनिटं माझं बौद्धिक घेतलं.

पायवाट

आमच्या दिंडीत गेल्या तीन वर्षांपासून हे चालू आहे. आळंदी ते पंढरपूर, रोज वेगळा मुक्काम. तंबूत जनरेटर असतो, पण प्लग चार आणि मोबाईल साठ. त्यातले निम्मे म्हाताऱ्यांचे साधे फोन. घरी रोज एक फोन गेला नाही तर लेकी-सुना घाबऱ्या होतात. आमच्यातले एक जण सुतार आहेत. ते तीन बॅटऱ्या आणि यूएसबीची टोपी पिशवीत घेऊन चालतात. साधा फोन चार वॉट-अवरही खात नाही, एका बॅटरीत दहा-बारा जणांचं भागतं. जनरेटरवर तीन बॅटऱ्यांसाठी एकच चार्जर लागतो, म्हणजे एकच प्लग. दिवे घाटात पाऊस लागला तेव्हा पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चालले, वीणेकऱ्यांच्या वीणेसारखी जपत.

कोपऱ्यातला बाक

या प्रतिसादावर कोटी करणार नाही. माऊली.

हिशेबनीस

माझा मुद्दा मागे घेतो. एक चार्जर, तीन बॅटऱ्या, साठ फोन हे गणित मिनी यूपीएसमध्ये बसत नाही.

रसायनशाळा

साठवणुकीबद्दल दोन ओळी. बॅटरी पूर्ण भरून मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवणं हा तिला म्हातारी करायचा सर्वांत सोपा मार्ग. अर्धी भरलेली, थंड जागी, हे उत्तम. मात्र पावसाळ्यात बॅकअप म्हणून ठेवायची तर भरूनच ठेवावी लागणार, हे मान्य. दिवाळीनंतर अर्ध्यावर आणून ठेवा. नुकतंच भोक पाडून तापलेली बॅटरी लगेच चार्जरमध्ये घालू नका, निवू द्या. चांगले चार्जर स्वतःच थांबतात. आणि खटपट्या, ती ७.३वाली बॅटरी फडताळातून बाहेर काढा. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं उत्पादकांची जबाबदारी आहे. त्यांच्या सेवा केंद्रात नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भंगारवाल्याला नको, तो हातोडी मारतो.

खटपट्या

मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलोय.

मांडणी अशी: साच्यातून दीड एमएमची वायर, चार बोटांवर फ्यूज, मग एम६०९, मग एक्सएल४०१५, मग दोन पिना. सगळं जुन्या स्विचबोर्डच्या खोक्यात बसवलं. खोक्याला भोकं पाडायला ड्रिल वापरलं, त्यासाठी बॅटरी साच्यातून काढावी लागली, हे आईला फार विनोदी वाटलं. खालच्या भोकांना बारीक जाळी लावली, नाहीतर आमच्याकडे मुंग्या रिलेत घर करतात. गेल्या वर्षी इन्व्हर्टरमध्ये पालीने जीव दिला होता.

१५.५ला तोड, १८ला जोड. मंगळवारी दुपारी आईनाचं झाड तारांवर आडवं झालं. मिनी यूपीएस दोन तास पन्नास मिनिटं. मग बॅटरी: सहा तास वीस मिनिटं, त्यानंतर रिलेचा ‘टक’. इतका गोड आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. उठून बॅटरी साच्याबाहेर काढली आणि मगच झोपलो. सकाळी १६.६ व्होल्ट. चार्जरने एका दमात घेतली.

माझा सुरुवातीचा हिशोब ताडून पाहिला. ७२पैकी साधारण ५७ वॉट-अवर राउटरपर्यंत पोचले. बाकी कन्व्हर्टर, रिले आणि तळाला राखून ठेवलेले.

मेलेली बॅटरी पडवीत कौलाच्या तुकड्यावर ठेवली आहे, पुण्याला जाईन तेव्हा जमा करेन.

पक्कडवाला

झकास. आता फ्यूज दोन जादा आणून त्याच खोक्यात चिकटपट्टीने लावून ठेवा. गेला की रात्री अकरा वाजता गुहागरात कुठे शोधणार?

सुतारपक्षी

आणि दोन्ही पिनांना रंगीत टेप लावा. राउटरची पिन आणि तुमच्या चार्जिंगच्या दिव्याची पिन सारखीच असते. आमच्या एका पोराने १२ व्होल्ट ६च्या दिव्यात घातले. दिवा फार छान लागला, अर्धा मिनिट.

खटपट्या

दोन्ही ऐकलं. नवीन भानगड: शेजारच्या काकूंना सुगावा लागलाय. आता लाईट गेली की त्या मोबाईल आणि चार्जिंगची वायर घेऊन पडवीत हजर. मी खोक्याला एक यूएसबीही लावून ठेवली होती, माझीच चूक.

कोपऱ्यातला बाक

काकूंचा फोन किती एमएएचचा?

खटपट्या

५०००. म्हणजे माझ्या राउटरचे अडीच तास. पण नाही म्हणता येत नाही, फणसाची साटं त्यांच्याकडूनच येतात.